शेख जमाल, पेशा हमाली

सन १३४८ फसली चालू होतं, म्हणजे इंग्रजी १९३८ सालची थंडी, आणि मला एकोणीस पुरी होऊन विसावं लागलं होतं. मानवतच्या एका जिनिंगमध्ये मी हमाली करायचो. आमच्या बारा जणांच्या टोळीचे मुकादम होते शेख जमाल. सगळे त्यांना जमालचाचा म्हणायचे. वय साठीच्या पुढचं, दाढी पांढरीफेक, मान मात्र बैलासारखी जाड. त्यांची एक सवय होती. कुठलंही ओझं पाठीवर घ्यायच्या आधी ते विचारायचे, "उतरवायचं कुठं?" समोर मालक असो नाहीतर पोलिसांचे अमीनसाहेब, जागा कळल्याशिवाय चाचा गुडघा वाकवायचे नाहीत. म्हणायचे, "उचलायला काय, गाढव बी उचलतंय. कुठं ठिवायचं ते ठावं असलं की वजन निम्मं होतंय."

मी पेडगावचा. घरची जमीन थोडी आणि भाऊ चार, म्हणून मानवतला आलो. पहिल्याच दिवशी माझ्या पाठीवरून कापसाचं बोंद, म्हणजे मोठं पोतं, घसरलं आणि उसवलं. पांढरा कापूस चिखलात गेला. मालकाचा दिवाणजी शिव्या देत धावत आला. चाचा मधे उभे राहिले आणि म्हणाले, "पोरगं न्हाई चुकलं साहेब, चुंबळ चुकली. ती मीच बांधून दिली व्हती." चुंबळ मी स्वतः बांधली होती आणि ती ढिली होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. दिवाणजी गेल्यावर चाचांनी माझ्या डोक्यावरचं ते फडकं सोडलं, पुन्हा आवळून बांधून दाखवलं आणि त्या गोष्टीचा पुढं कधी शब्द काढला नाही.

टोळीत लिहिता-वाचता येणारा मी एकटा. चौथीपर्यंत शिकलो होतो, तेही उर्दूत, कारण तेव्हा शाळा उर्दूच होत्या. कुणाला हसायचं असेल त्यानं हसावं, पण माझं अक्षर चांगलं होतं आणि हे मी आजही खाली मान घालून सांगणार नाही. चाचांना एकही अक्षर येत नव्हतं. नमाजापुरतं तोंडपाठ होतं तेवढंच. स्टेशनवरून आलेली पावती असो की भिंतीवर चिकटवलेला हुकूम, ते मला हाक मारायचे. "किसन्या, ये बाबा. ह्या कागदाच्या तोंडाला काय म्हनायचंय बघ."

चाचांना हजला जायचं होतं. बायको हमीदाबी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दोघं मिळून जाऊ असं त्यांनी तिला कबूल केलं होतं. आता एकट्यानं जायचं, तर गुडघे सुजायला लागले होते. दुपारच्या सुट्टीत भाकरी खाताना ते गुडघ्यावर हात फिरवत म्हणायचे, "औंदा गेलो तर गेलो. पुढल्या साली हा मला जाऊ देनार न्हाई." आणि मग हळूच सांगायचे, "जायचं तेवढं सांगायलोय बरं का. यायचं न्हाई. तितल्या मातीत जागा गावली तर हमीदाबीला सांगता यील, तुझी बी जागा धरून ठिवलीय."

मशिदीतल्या मौलवींकडं हजला जाणाऱ्यांसाठी एक छापील कागद आला होता. चाचा मला घेऊन गेले. कागदात असं होतं की टोचून घेतल्याचा दाखला पाहिजे, तालुक्याच्या कचेरीतून ओळखीचा दाखला पाहिजे आणि जहाजाचं तिकीट जाऊन-येऊन घेतलं पाहिजे. एकेरी तिकीट कुणालाही मिळणार नाही.

"मला यायचंच न्हाई, तर यायचं तिकीट कशाला?" चाचांनी विचारलं.

मौलवी म्हणाले, "पूर्वी लोक तसेच जायचे चाचा. पैसे संपले की तिकडं रस्त्यावर बसायचे. मग सरकारला जहाज पाठवून आणावं लागायचं. म्हणून हा नियम."

"पन मी मरायला जायलोय."

"मरण अल्लाच्या हातात. तिकीट कंपनीच्या हातात."

चाचांनी दाढी खाजवली. मग म्हणाले, "म्हंजी मी येनार हाय, ह्याची खात्री दिल्याबिगर मला जाऊ देनार न्हाईत."

"तसंच."

जमवलेलं सगळं जायच्या तिकिटापुरतं होतं. यायच्या तिकिटासाठी चाचांनी राहतं घर विकलं. दोन खोल्यांचं, पांढऱ्या मातीचं. हमीदाबीनं स्वतः लिंपलेलं. शेजाऱ्यानं घेतलं. आमच्या टोळीत मारुती म्हणून एक राणीसावरगावचा धनगर होता, तोंडाचा फाटका. तो म्हणाला, "चाचा, लय भारी सौदा केलात. यायचं तिकीट घ्यायला यायचं घर इकलं." चाचा हसले. म्हणाले, "त्या तिकिटावर तिकडनं दुसऱ्या कुनाला तरी धाडून दीन. त्याला तू ठिवून घे तुझ्या मेंढरात."

तालुक्याच्या कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा एक म्हातारा झाडाखाली बसायचा. चाचा सरळ त्याच्याकडं निघाले होते. मी त्यांना थांबवलं. घरचा लिहिणारा असताना बाहेरच्याकडं जायचं, हे मला सहन झालं नाही. "चाचा, माझं अक्षर त्याच्याहून बरं हाय," मी म्हणालो. ते घटकाभर घुटमळले. "त्येचा धंदाच हाय रे तो," एवढंच म्हणाले. पण मी हट्टाला पेटलो आणि त्यांनी माझं ऐकलं. मी कचेरीच्या ओट्यावर मांडी ठोकून बसलो. चार माणसं बघायला जमली, तशी मला जास्तच ऐट आली. नाव, बापाचं नाव, राहणार कुठला, पेशा काय, सगळं एका दमात लिहिलं. चाचांनी अंगठा लावला. आतल्या कारकुनानं तो कागद वाचला, गालातल्या गालात हसला आणि माझ्याच अक्षराखाली सही करून मोहर मारली. तोच झाला दाखला. त्याला माझं अक्षर आवडलं असं मला वाटलं.

मुंबईपर्यंत मी सोबत गेलो. चाचांना वाचता येत नाही, म्हणून टोळीनंच मला पाठवलं. मानवत रोडवर गाडीत बसलो, मनमाडला बदलली. चाचांकडं एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि नेहमीचा कापसाच्या गाठी ओढायचा लोखंडी आकडा. "ह्यो कशाला घेतला?" मी विचारलं. म्हणाले, "चाळीस साल खांद्यावर हाय. काढला तर खांदा उचलून चालल्यावानी वाटतंय."

मुसाफिरखान्यात जागा मिळाली. तिकीट मिळालं, त्यावर नाव बरोबर होतं. टोचल्याच्या दाखल्यावर नाव बरोबर होतं. जहाज दुसऱ्या दिवशी दुपारी सुटणार होतं आणि त्या हंगामातलं ते शेवटचं होतं. कागद आदल्या दिवशीच तपासून घ्यायचे होते. रांग लांब होती. टेबलामागं जाड चष्म्याचा एक म्हातारा कारकून बसला होता. त्यानं तिकीट बघितलं, आमचा दाखला बघितला, पुन्हा तिकीट बघितलं. त्याचं बोलणं हिंदुस्थानीत होतं, मी मराठीत लिहितो.

"तिकीट शेख जमालचं. दाखला शेख हमालचा. यातला तू कोण?"

चाचांना काही कळलं नाही. मला कळलं. उर्दूत 'जीम' आणि 'हे' ही दोन अक्षरं अंगानं सारखी असतात. 'जीम'च्या पोटात एक टिंब असतं, 'हे'च्या पोटात नसतं. जमालचं ते टिंब राहिलं की वाचणारा हमाल वाचतो. ऐटीत लिहिताना माझ्याकडून ते टिंब राहून गेलं होतं. खाली पेशा हमाली लिहिलेलं होतंच. कचेरीतला कारकून हसला का, ते मला तिथं उभ्या उभ्या समजलं.

चाचा छातीवर हात ठेवून म्हणाले, "जमालबी मैंच, हमालबी मैंच."

रांगेतले लोक हसले. म्हातारा कारकूनही थोडा हसला. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "बाबा, मी मान्य करतो. पण कागदावर दोन माणसं आहेत आणि मला एकालाच सोडता येतं. तुझ्या तालुक्याला तार कर. उद्या सकाळपर्यंत खुलासा आला तर जा." मग कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला, "अक्षर सुरेख आहे. कुणाचं?"

मी म्हणालो, "कचेरीतलं हाय." चाचांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तार केली. संध्याकाळी मुसाफिरखान्याच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. मी म्हणालो, "चाचा, एका टिंबाचं तर काम हाय. मी देतो. खोटं थोडंच हाय? तुमचं नाव जमालच हाय." चाचांनी मान हलवली. "नको. गाठ दाबून पट्ट्या आवळल्यावर आपुन आत हात घालतो का? मोहर बसली, आता त्यो माल सरकारचा झाला. तार यील. आली तर जाऊ." माझ्या चुकीबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

सकाळी तार आली नव्हती. चाचा नमाजाला उभे राहिले. मी त्यांच्या वळकटीतून दाखला काढला, मुसाफिरखान्याच्या मुनशीच्या दौतीत टाक बुडवला आणि जीमच्या पोटात टिंब दिलं. फुंकर मारून वाळवलं, घडी घातली, जागच्या जागी ठेवलं. त्यांना म्हणालो, "चला, काल म्हातारा व्हता, आज दुसरा कुनी असंल. नशीब बघू."

दुसराच होता. तरुण होता, घाईत होता. त्यानं तिकीट बघितलं, दाखला बघितला, शिक्का उचलला. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून कालचा म्हातारा उठून आला. चाचांना ओळखून त्यानं आपुलकीनं विचारलं, "तार आली का बाबा?" आणि कागदावर वाकला. दाखल्यावरची शाई काळी होती. माझं टिंब निळं होतं.

"हे टिंब कुणी दिलं?"

माझ्या उजव्या हाताच्या बोटाला शाई लागलेली होती, ते मी धोतराच्या सोग्यात लपवलं. चाचांनी तेव्हा माझ्याकडं एकदा बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी बोललो असतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. मग ते कारकुनाकडं वळले.

"मी दिलं."

"तुला अक्षर येतं?"

"न्हाई साहेब."

"मग टिंब कसं दिलंस?"

"टिंब द्यायला अक्षर कशाला पायजे? बोट बुडवलं अन् टेकवलं."

"बोट दाखव."

चाचांनी दोन्ही पंजे टेबलावर मांडले. चाळीस वर्षांचे घट्टे, भेगा, त्यात तेल आणि मळ मुरलेला. "हमालाच्या हातावर शाई दिसत न्हाई साहेब," ते म्हणाले. म्हाताऱ्यानं माझ्या धोतरात गेलेल्या हाताकडं बघितलं. त्याला सगळं कळलं होतं. पण समोरचा माणूस कबूल करतोय, तिथं तो तरी काय करणार? त्यानं दाखला ठेवून घेतला, वहीत चार ओळी लिहिल्या आणि तिकिटाचे पैसे परत मिळण्याची चिठ्ठी दिली. म्हणाला, "पोलिसात देत नाही, एवढंच माझ्या हातात आहे. घरी जा."

आम्ही धक्क्याच्या फाटकाबाहेर भिंतीला टेकून उभे राहिलो. हजचे लोक आत जात होते, नातेवाईक रडत होते. तेवढ्यात एका एकट्या म्हातारीनं चाचांच्या खांद्यावरचा आकडा बघून हाक मारली, "ए हमाल, माझी पेटी जहाजापर्यंत पोचव बाबा." चाचांनी विचारलं, "शिडीपाशी उतरवायची का वर?" ती म्हणाली, "वर." त्यांनी गुडघा टेकला, पेटी पाठीवर घेतली आणि तिच्या मागं फाटकात शिरले. शिपायानं म्हातारीचे कागद बघितले. चाचांकडं बघून वाट सोडली. पेटी घेतलेल्या हमालाला कोण कागद विचारतो?

मी गजाला धरून बघत होतो. चाचा शिडी चढले, गर्दीत दिसेनासे झाले. माझ्या मनात एकच होतं, की आता ते परत येऊ नयेत. कुठंतरी पोत्यांमागं बसून राहावं, जहाज सुटावं. भोंगा वाजला. आणि चाचा शिडीवरून एक एक पाय सांभाळत खाली येताना दिसले.

"चाचा, तितंच का न्हाई ऱ्हाइलात?" मी विचारलं.

"कुनाच्या नावानं ऱ्हाऊ?" म्हणाले. आणि थोडं चालून झाल्यावर, "म्हातारी भली हाय. मजुरी घेतली न्हाई तर म्हनली, तिकडं गेल्यावर तुझ्यासाठी दुवा मागते, नाव सांग. मी हमाल म्हनून सांगितलं."

"हमाल? आवो, नाव तर जमाल हाय तुमचं."

"हाय की. पन तिकडं बी कागद तपासले तर? कागदावर जे हाय तेच सांगितलेलं बरं."

ते विनोदानं बोलत होते. मला ते ऐकवलं नाही, म्हणून मी पुढं चालायला लागलो.

मानवतला आल्यावर चाचांना घर नव्हतं. शेजाऱ्यानं खोल्यांत बैल बांधले होते. तो भला माणूस म्हणाला, एक खोली वापरा. चाचा नको म्हणाले. "इकलेल्या मालात झोपायचं नसतंय." जिनिंगच्या सरकीच्या गोदामात एका कोपऱ्यात त्यांनी वळकटी पसरली. पैसे मौलवींकडं ठेवले आणि पुढल्या सालासाठी पुन्हा अर्ज केला. या वेळी झाडाखालच्या म्हाताऱ्याकडून लिहून घेतला. मला विचारलं नाही, टाळलंही नाही. "तू कामात हायस," म्हणाले.

कचेरीतून उत्तर आलं की मुंबईच्या शेऱ्यावरून चौकशी आहे, दाखल्यात खाडाखोड कुणी केली त्याचा लेखी जवाब द्यावा. तोवर मला जिनिंगच्या फाटकावर आवक-जावक लिहायचं काम लागलं होतं. मी म्हणालो, "चाचा, आता खरं सांगतो." ते म्हणाले, "गप बस. कागदात हात घालनाऱ्याला फाटकावर कोन ठिवील? तुला अजून लय कागद लिहायचेत. मला एकच ठिकानी जायचंय, आज न्हाई तर उद्या जाईन." आणि त्यांनी जवाब माझ्याकडूनच लिहून घेतला. 'टिंब मी दिलं, शेख जमाल, वल्द शेख चांद', म्हणजे शेख चांदचा मुलगा. मी ते लिहिलं. सगळी टिंबं जागच्या जागी दिली. खाली त्यांचा अंगठा. महिन्याभरानं हुकूम आला, अर्जदारानं खाडाखोड कबूल केली आहे, दाखला मिळणार नाही.

त्याच्या पुढं लढाईच्या बातम्या येऊ लागल्या. जहाजं कमी झाली म्हणून मौलवी सांगायचे. चाचांचा गुडघा पार आखडला. मुकादमी मारुतीकडं गेली. चाचा गोदामाच्या दारात बसून पोरांच्या चुंबळी बांधून द्यायचे आणि कुणी स्टेशनकडं निघालं की विचारायचे, "मुंबईकडची गाडी वेळेवर जायलीय का?" फाटकावर बसल्या बसल्या मला ते रोज ऐकू यायचं. मी एकदाही उठून कचेरीत गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. माझी नोकरी होती, माझं लग्न ठरत होतं, आणि चाचाच नको म्हणतात, असं मी मनाला समजावत होतो.

तिसऱ्या हंगामात, गाठींचे ढीग लागले असताना, एका दुपारी चाचा सरकीच्या ढिगाला टेकून गेले. कुणाला हाकसुद्धा मारली नाही. संध्याकाळच्या आत आम्ही त्यांना गावाच्या कब्रस्तानात नेलं. मौलवींनी त्यांच्या पैशांचं काय करायचं विचारलं, तर मारुती म्हणाला, "कुना गरिबाला धाडा. जाऊन-येऊन." मी माती लोटली. हमीदाबीच्या शेजारी जागा शिल्लक नव्हती, म्हणून चाचा भिंतीकडच्या बाजूला आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकावर गेलो नाही. चालत तालुक्याच्या कचेरीत गेलो. कारकुनाला म्हणालो, शेख जमालच्या दाखल्याबाबत जवाब द्यायचाय. त्यानं वही चाळली. शेख जमाल नावाचं प्रकरण नाही म्हणाला. मी म्हणालो, शेख हमाल बघा. ते सापडलं. "अर्जदार कुठं आहे?" त्यानं विचारलं. काल वारला, मी सांगितलं. त्यानं त्या नावावर आडवी रेघ ओढली. मी म्हणालो, टिंब मी दिलं होतं, तसं लिहून घ्या. मेलेल्याच्या प्रकरणात काही लिहून घेत नाहीत, तो म्हणाला आणि वही मिटली. मी बाहेर पायरीवर बसलो. ऊन पायांपर्यंत आलं तोवर बसलो. कुणी आत बोलावलं नाही. मग उठलो आणि फाटकावर कामाला गेलो.